बिरसीच्या आकाशात एक डाकोटा

आपला भंडारा जिल्हा म्हटला, की डोळ्यांपुढे काय येतं? वैनगंगेचं पात्र, धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, तुमसरची तांदळाची बाजारपेठ, पवनीचे घाट, पितळेची भांडी. विमान मात्र कुणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. आणि तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या जिल्ह्यात एक धावपट्टी तयार झाली होती. गोंदिया शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, कामठ्याच्या बाजूला, बिरसी गावाजवळ. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे आज ती जागा गोंदियाच्या हिशेबात धरली जाते. पण १९४० च्या सुमारास इंग्रज सरकारनं ती बांधली, तेव्हा तो सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणून बिरसीची गोष्ट ही भंडाऱ्याचीच गोष्ट, असं मानून मी आज बोलणार आहे.

मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध शिकवताना एक अडचण नेहमी यायची. मुलांना ते युद्ध फार लांबचं वाटायचं. हिटलर, पर्ल हार्बर, हिरोशिमा. आपला त्याच्याशी संबंध काय? बिरसीचं नाव घेतलं, की मुलं सरसावून बसायची. पण पुढचा प्रश्न विचारला, की पुन्हा गप्प. तिथे काय झालं? कुणासाठी झालं? आणि त्याची आठवण म्हणून तिथे काय आहे? या शेवटच्या प्रश्नाशी आज मला थांबायचं आहे. युद्धातल्या विमानांची आठवण ठेवायची, तर ती कशी ठेवावी?

इंग्लंडमध्ये याचं एक उत्तर लोकांनी शोधलं आहे. तिथे १९५७ साली रॉयल एअर फोर्सनं जुन्या विमानांचं एक छोटं पथक तयार केलं. ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ या नावानं ते आज ओळखलं जातं. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांशी लढलेल्या जातीची स्पिटफायर आणि हरिकेन विमानं, आणि चार इंजिनांचं एक लँकेस्टर बॉम्बफेकी विमान त्यांनी उडतं ठेवलं. स्मृतिदिनाला, गावच्या जत्रेला, राजघराण्याच्या समारंभाला ही विमानं डोक्यावरून जातात आणि म्हातारी माणसं टोपी काढून उभी राहतात. अमेरिकेतही अशा संस्था आहेत. जुनं विमान हुडकायचं, वर्षानुवर्षं खपून दुरुस्त करायचं आणि उन्हाळ्यात गावोगावच्या लोकांना उडवून दाखवायचं, हे तिथल्या हौशी मंडळींचं व्रतच आहे.

कुणी म्हणेल, यात विशेष काय? विमान चौथऱ्यावर उभं केलं, पाटी लावली, तरी आठवण राहतेच की! आपल्याकडे तीच पद्धत आहे. निवृत्त विमान चौकात तिरकं उभं करायचं, भोवती कुंपण आणि झेंडूची रोपं लावायची. पहिले चार दिवस लोक फोटो काढतात. पुढे त्याच्या पंखाखाली कावळे बसतात आणि सावलीत चहाची टपरी. मी त्याची थट्टा करत नाही. पण उभं विमान डोळ्यांना दिसतं, उडणारं विमान कानांना ऐकू येतं, हा फरक मोठा आहे. ज्यांनी युद्ध पाहिलं त्यांच्या मनात विमान आवाजाच्या रूपानं राहिलेलं असतं. आधी घरघर ऐकू यायची, मग मान वर जायची. तो आवाज कोणत्याही चौथऱ्यावर उभा करता येत नाही.

आपल्या वायुसेनेलाही हे कळलेलं आहे. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात स्पिटफायर, हरिकेन, लिबरेटर अशी जुनी विमानं जपून ठेवली आहेत. आणि काही मोजकी विमानं उडण्याजोगीही केली आहेत. लाकूड, कापड आणि तारांचं दुपंखी टायगर मॉथ हे शिकाऊ विमान दुरुस्त होऊन २०१२ च्या वायुसेना दिनाला हिंडनवर उडालं. त्याच्या जोडीला हार्वर्ड हे दुसरं प्रशिक्षण विमान आलं. आणि २०१८ साली आलं एक डाकोटा.

या डाकोटाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९४४ साली बनलेलं हे विमान मोडीत निघालं होतं. वायुसेनेत डाकोटा चालवलेल्या एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांचे चिरंजीव राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये ते विकत घेतलं, दुरुस्त करवलं आणि वायुसेनेला भेट दिलं. १७ एप्रिल २०१८ रोजी ते कोव्हेंट्रीहून निघालं आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे टप्पे घेत २५ एप्रिलला जामनगरला उतरलं. चौऱ्याहत्तर वर्षांचं विमान स्वतःच्या इंजिनांवर अर्धी दुनिया ओलांडून आलं! ४ मे रोजी हिंडनला ते वायुसेनेत दाखल झालं. नाव ठेवलं ‘परशुराम’ आणि शेपटीवर क्रमांक रंगवला व्हीपी ९०५. हा क्रमांक का, ते पुढे सांगतो.

डाकोटा हे काही लढाऊ विमान नव्हे. त्याला बंदूक नाही, बॉम्ब नाही. मूळचं ते डग्लस कंपनीचं डीसी-३ हे प्रवासी विमान. १७ डिसेंबर १९३५ रोजी ते पहिल्यांदा उडालं. प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिनं, पोटात अठ्ठावीस सैनिक किंवा पावणेतीन टनांच्या आसपास माल. युद्धात त्याची दहा हजारांवर विमानं बनली. त्याला आकाशातला खटारा म्हटलं तरी चालेल. पण ब्रह्मदेशच्या आघाडीवर या खटाऱ्यानं जे केलं, ते मोठमोठ्या बॉम्बफेक्यांना जमलं नाही.

१९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौजांनी मणिपूरवर चाल केली. इंफाळकडे जाणारा दिमापूरचा रस्ता तुटला. दीड लाखाच्या आसपास फौज आत अडकली. एरवी असा वेढा पडला, की किल्ला उपासमारीनं पडतो. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. इथे तसं झालं नाही, कारण रसद आकाशातून आली. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत डाकोटा आणि तत्सम विमानांनी सुमारे १९,००० टन सामान आणि १२,००० सैनिक आत पोचवले. आणि परतीच्या फेरीत १३,००० जखमी व आजारी आणि ४३,००० बिगर लढाऊ माणसं बाहेर काढली. याच आघाडीवर आपल्या वायुसेनेच्या पथकांनीही शौर्य गाजवलं. इंफाळला एक नंबरच्या पथकाचं नेतृत्व करणारे अर्जन सिंग पुढे वायुसेनेचे मार्शल झाले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडालेले मराठी वैमानिक हृषिकेश मुळगांवकर यांना पुढे काश्मीरच्या लढाईत महावीरचक्र मिळालं आणि १९७६ ते १९७८ या काळात ते वायुसेनाप्रमुख होते.

एवढं सांगून थांबलो, तर गोष्ट अर्धीच राहील. इतिहासाच्या शिक्षकानं अर्धी गोष्ट सांगू नये.

ज्या वर्षांत बिरसीसारख्या धावपट्ट्या देशभर तयार होत होत्या, त्याच वर्षांत देशात ‘चले जाव’चा वणवा पेटला होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या तुमसरला पोलिसांच्या गोळीबारात माणसं पडली. शेजारच्या चांदा आणि वर्धा जिल्ह्यांत चिमूर-आष्टीचं प्रकरण घडलं. आणि बिहार-ओरिसात काही ठिकाणी थेट विमानांतून मशीनगननं गोळीबार झाला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्याला मंजुरी दिली होती, आणि पुढे केंद्रीय विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, तेव्हा सरकारला तो मान्य करावा लागला. म्हणजे तेच आकाश, तोच गणवेश. इंफाळला माणसं वाचवणारा आणि बिहारमध्ये आपल्याच माणसांवर गोळ्या झाडणारा. युद्धातल्या विमानांची आठवण ठेवायची तर ही दोन्ही पानं वाचली पाहिजेत. इंग्लंडमध्ये लँकेस्टर डोक्यावरून जातं, तेव्हा तिथेही काही माणसांना जळणारं ड्रेस्डेन आठवतं. आठवण म्हणजे आरती नव्हे.

मग आता व्हीपी ९०५ ची गोष्ट. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी दिल्लीहून निघालेलं या क्रमांकाचं डाकोटा श्रीनगरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरलं. आत पहिल्या शीख पलटणीचे जवान होते. त्या दिवशी एकामागून एक डाकोटा उतरत गेली आणि श्रीनगर वाचलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी जी विमानं परक्या राजाची होती, ती आता आपली होती. यंत्राला जात नसते, धर्म नसतो, देशही नसतो. ते कुणाच्या हाती आहे आणि कशासाठी निघालं आहे, यावर सारं ठरतं.

आणि यानंतरचा अध्याय थेट आपल्या डोक्यावर घडला. महायुद्ध संपलं, तेव्हा अमेरिकी सैन्यानं मागे सोडलेली डाकोटा विमानं स्वस्तात विकली गेली. नव्या विमान कंपन्यांनी ती घेतली. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीनंतर चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. १ एप्रिल १९४९ पासून तर साध्या पत्रालाही जादा पैसे न घेता विमानाचा प्रवास मिळू लागला. नकाशावर कलकत्ता आणि नागपूर या दोन ठिकाणांना सरळ रेघेनं जोडून पाहा. ती रेघ भंडारा जिल्ह्याच्या माथ्यावरून जाते. युद्धासाठी घडलेलं विमान आता कुणाच्या लग्नाची, कुणाच्या नोकरीची, कुणाच्या मयताची वर्दी घेऊन आपल्या धानाच्या शेतांवरून जात होतं. तलवारीचा फाळ होतो म्हणतात, इथे तिचा पोस्टमन झाला.

आता कुणी विचारेल, एवढी विमानं होती, मग ती गेली कुठे? बहुतेक मोडीत गेली. त्याचंही एक उदाहरण देतो, तेही आपल्या शेजारचं. युद्ध संपताना अमेरिकी बनावटीची बरीच लिबरेटर बॉम्बफेकी विमानं कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. आपल्या तंत्रज्ञांनी त्यातलीच चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उभी केली. १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं वायुसेनेनं ती वापरली. त्यातलं एक निवृत्तीनंतर जबलपूरजवळच्या खमरियाला उघड्यावर पडून राहिलं. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणाऱ्या गाडीत आपण किती वेळा बसलो असू! १९८१ मध्ये एका इंग्रज संग्राहकानं ते विमान सुटं करून इंग्लंडला नेलं. पुढे ते अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं आणि हजारो तासांच्या मेहनतीनंतर १९८९ मध्ये पुन्हा उडालं. जी वस्तू आपल्याकडे भंगार होती, ती पाहायला तिकडे रांगा लागल्या. यात मला परक्यांचा हेवा वाटत नाही. पण टाकून दिलेल्या सांगाड्यांना ज्यांनी पहिल्यांदा जिवंत केलं, ते हात आपल्या माणसांचे होते. ते कौशल्य आपल्याला आठवलं नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

जुनं विमान उडवणं म्हणजे मुख्यतः हे कौशल्य जिवंत ठेवणं असतं. डाकोटाच्या इंजिनात चौदा सिलिंडर गोलाकार बसवलेले असतात. विमान उभं राहिलं, की तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच इंजिन सुरू केलं तर आतला दांडा वाकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी माणसं पंखा हातानं फिरवतात. हे पुस्तकात वाचून जमत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. सुटे भाग मिळत नाहीत, ते घडवावे लागतात. विमान चौथऱ्यावर चढवलं, की ही विद्या एका पिढीत संपते.

पण याला किंमत आहे आणि ती लपवून चालणार नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या प्रदर्शनात एक जुनं हंटर विमान कसरत करताना कोसळलं आणि अकरा माणसं गेली. ती मैदानाबाहेरच्या रस्त्यावर होती, हे लक्षात घ्या. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत डल्लासला महायुद्धातली दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली, सहा जण मेले. मे २०२४ मध्ये इंग्लंडच्या त्याच स्मृतिपथकातलं एक स्पिटफायर पडून वैमानिक दगावला. आपल्याही वाट्याला दुःख आलेलं आहे. १२ डिसेंबर १९५३ रोजी रात्रीच्या टपाल सेवेतलं डाकोटा नागपूरहून निघताच कोसळलं आणि तेरा जण गेले. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून निघालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, त्यात प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी दोघंही गेले. मेलेल्यांच्या आठवणीसाठी जिवंतांचा जीव धोक्यात घालावा का, हा प्रश्न खराच आहे.

माझं उत्तर असं : कसरतीसाठी घालू नये. जुन्या विमानाला कोलांट्या मारायला लावणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला फुगडी घालायला लावणं. त्यात आठवण नसते, तमाशा असतो. विमानानं सरळ यावं, गर्दीपासून आणि रस्त्यापासून ठरलेल्या अंतरावरून एकदा जावं, उतरता आलं तर उतरावं. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी राजपथावरून एक डाकोटा दोन डॉर्निअर विमानांच्या मध्ये असंच गंभीरपणे गेलं. १९७१ च्या टांगाइलच्या छत्रीउडीची ती आठवण होती. कोलांटी एकही नव्हती आणि उणं काहीच वाटलं नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. धानाला भाव मिळत नाही, पोरांना काम नाही आणि तुम्हाला विमानं सुचतात? असं कुणी शेतकरी म्हणाला, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. वेगळा कार्यक्रम आखून कोटी-दोन कोटी उधळावेत, असं मी म्हणतच नाही. पण वायुसेनेच्या देखभाल विभागाचं मुख्यालय नागपुरात आहे. म्हणजे देशातली विमानं दुरुस्त ठेवण्याचा कारभार आपल्या शेजारून चालतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे सूर्यकिरण आणि सारंग पथकांची प्रात्यक्षिकंही झाली. कधी ‘परशुराम’ नागपूरला आलं, तर पुढे बिरसीपर्यंतचा प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा. बिरसीची धावपट्टी आज सुमारे २,३०० मीटर आहे, डाकोटाला तिच्या निम्मीही पुरते. तिथे वैमानिक घडवणारी शाळा आहे, मार्च २०२२ मध्ये प्रवासी सेवाही सुरू झाली. म्हणजे ती जागा मेलेली नाही, फक्त तिची स्मृती पुसली गेली आहे.

आणि तसा दिवस आलाच, तर त्या दिवशी कुणाची नावं घ्यायची? वैमानिकांची घ्यावीतच. पण मला आणखी काही माणसं आठवतात. बिरसी ‘इंग्रजांनी बांधली’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजानं नकाशा काढला असेल. त्या काळी देशातली अशी शेकडो मैदानं तयार झाली, ती ठेकेदाराच्या मजुरांनी. मुरूम खोदणाऱ्या, डोक्यावरून टोपली वाहणाऱ्या बायांनी, रूळ ओढणाऱ्या गड्यांनी. त्यांच्यासाठी कुठे स्तंभ नाही. आसपासच्या खेड्यांत अजून कुणाच्या घरी आजा-आजीच्या तोंडच्या गोष्टी शिल्लक असतील. गावच्या शाळांनी मुलांना वहीपेन्सिल देऊन घरोघर पाठवावं आणि त्या लिहून घ्याव्यात. तालुक्याच्या कचेरीत जमिनीचे जुने कागद असतात, तेही कुणीतरी उघडून पाहावेत. हे काम विमानाची वाट पाहत थांबायला नको. त्याला पेट्रोल लागत नाही.

विमान येईल तेव्हा येईल. मात्र ते येईल त्या दिवशी आपल्या मुलांनी नुसती मान वर करून टाळ्या पिटू नयेत. या यंत्रानं इंफाळला धान्य टाकलं, श्रीनगरला जवान उतरवले, आपल्या गावावरून रात्री पत्रं नेली. त्याच काळातल्या दुसऱ्या यंत्रांनी आपल्याच माणसांवर गोळ्याही झाडल्या. आणि ही जमीन आपल्या आजी-आजोबांनी टोपली टोपली मुरूम टाकून सपाट केली. एवढं त्यांना आधी ठाऊक असावं. मग डोक्यावरून जाणारी घरघर त्यांना नुसता आवाज वाटणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)